लोगो दाखवायला जाताना: सोलापूरच्या गिऱ्हाइकासमोर कन्सेप्ट कसे मांडावेत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पहिल्यांदा लोगो दाखवायला गेले, तेव्हा एकाच पानावर बारा चौकोन करून नेले होते. प्रत्येक चौकोनात एक लोगो. लॅपटॉप मालकांकडे वळवला आणि तोंडभर हसून विचारलं, "अण्णा, कोणता आवडला?" त्यांनी चष्मा चढवला, दोन मिनिटं सगळे चौकोन निरखले आणि म्हणाले, "हे बघा ताई, ह्यातला मोर घ्या, त्या खालच्यातलं अक्षर घ्या, अन् कलर ह्या कोपऱ्यातला टाका की." मी टाकला. मग पुतण्याला मोर नको झाला. मग जावयांनी पुण्यातून फोनवर आणखी काही सुचवलं. चौदा फेऱ्या झाल्या आणि शेवटी पाटीवर चढला तो फ्लेक्सवाल्यानं पाटीसोबत फुकट करून दिलेला लोगो.

तेव्हा मला अण्णांचा राग आला होता. खरं तर तो माणूस टॉवेल हातात घेतला की वजन सांगतो, काठावरून बोट फिरवून धागा कुठे सुटलाय ते सांगतो. त्याला मी नेमका असा प्रश्न विचारला, ज्यात त्याचं हे सगळं ज्ञान काही कामाचं नव्हतं. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं मोर धरला. सोलापुरात आपलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वतः काहीतरी बनवणारं असतं. कोणी चादरी विणतं, कोणी शाळेचे युनिफॉर्म शिवतं, कोणी शेंगाची चटणी कुटतं, कोणी कडक भाकरी थापतं. "हे लेबलवर निघेल का?", "टेम्पोवर लांबून वाचता येईल का?" असं विचारलं, की उत्तर त्याच्याकडे तयार असतं आणि ते आपल्यापेक्षा पक्कं असतं. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नाच्या अदलाबदलीतून आली आहे.

आधी एक पान, तेही सहीचं

दाखवण्याची तयारी स्केच काढण्याआधी सुरू होते. पहिल्या भेटीत मी लॅपटॉप नेतच नाही. वही नेते, आणि कारखान्यात किंवा दुकानात हिंडून नाव जिथे जिथे लागणार आहे त्या जागांची यादी करते. पाटी, बिलबुक, रबरी शिक्का, चादरीच्या कोपऱ्यातलं लेबल, पिशवी, खोका, टेम्पोची मागची बाजू, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल फोटो. ही यादी पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण बैठकीत वाद झाला की सगळे तिच्याकडेच वळतात.

मग प्रश्न. माल कोणाला विकता, ठोक की किरकोळ? माल विजापूर, कलबुर्गीला जातो का, हैदराबादला जातो का? गिऱ्हाईक तुम्हाला कोणत्या नावाने ओळखतं, पाटीवरच्या की तोंडी असलेल्या? एका दुकानाचं पाटीवरचं नाव भलतंच लांबलचक इंग्रजी होतं आणि नवी पेठेत सगळे त्याला 'निळ्या दाराचं दुकान' म्हणायचे. तिथे निळा रंग काढून टाकणं हा मूर्खपणा झाला असता.

दोन प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ते विचारायचेच. पहिला: नावाच्या स्पेलिंगसाठी किंवा रंगासाठी ज्योतिषांना, अंकशास्त्रवाल्यांना विचारणार आहात का? विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या. लोगो मंजूर झाल्यावर नावात एक जादा 'ए' घुसला, तर अक्षरांची सगळी बांधणी पुन्हा करावी लागते. त्यांच्या श्रद्धेवर मी काही बोलत नाही. मला फक्त ती आधी कळायला हवी. दुसरा: शेवटचा शब्द कोणाचा? इथले बहुतेक धंदे घरचे आहेत. बोलणी मुलगा करतो, पैसे काका देतात, आणि नको म्हणण्याचा अधिकार कधीकधी आजींकडे असतो. ज्यांचा शब्द शेवटचा, ते बैठकीला हजर नसतील तर बैठक ठेवूच नका, हे मी मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते.

हे सगळं एका पानावर साध्या मराठीत उतरवायचं. धंदा काय, गिऱ्हाईक कोण, लोगो कुठे कुठे लागणार, त्यानं काय काम करायचं. 'काय काम' हा भाग दोन-तीन वाक्यांचाच असावा. उदाहरणार्थ: "ठोक बाजारात गठ्ठा रचलेला असताना आपला माल लांबून ओळखू यावा. नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत वाचता यावं." त्यावर सही, नाहीतर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर "हो, बरोबर" असं उत्तर घ्या. पुढच्या बैठकीचं पहिलं पान हेच असतं.

किती कन्सेप्ट न्यायचे

अमेरिकन डिझायनर पॉल रँड यांनी १९८६ साली स्टीव्ह जॉब्झच्या नेक्स्ट कंपनीला एकच लोगो दिला, सोबत तो कसा तयार झाला हे समजावणारी पुस्तिका दिली आणि एक लाख डॉलर घेतले. हा किस्सा डिझाइनच्या प्रत्येक वर्गात ऐकवला जातो, आणि तो ऐकून सोलापुरात एकच लोगो घेऊन गेलं तर "बाकीचे कुठायत?" हे पहिलं वाक्य ऐकावं लागतं. इथे बाजारात एक चादर घ्यायची असली तरी दुकानदार वीस उलगडून दाखवतो. गिऱ्हाइकाला निवडीची सवय आहे, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मी दोन कन्सेप्ट, म्हणजे लोगोच्या दोन वेगळ्या कल्पना, नेते, फार तर तीन. पण ते एकाच कल्पनेचे तीन रंग नसावेत. तीन वेगळे रस्ते असावेत: एक अक्षरावर उभा, एक खुणेवर, एक त्यांच्या मालातल्या एखाद्या नक्षीवर. आणि जो निवडला गेला तर आपल्याला वाईट वाटेल असा एकही पिशवीत टाकू नये. 'भरतीचा' म्हणून नेलेला तिसराच निवडला जातो, हे माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की आता मोजत नाही.

प्रत्येक रस्त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह घ्या. डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि बिनदांड्याचा रोमन 'आर' एकत्र आणले आणि वर दोन समांतर रेषा ठेवल्या. झालं, एका वाक्यात संपलं. आपल्या लोगोचं स्पष्टीकरण तीन मिनिटं चालत असेल, तर पाटीखालून जाणाऱ्या माणसाला ती तीन मिनिटं कोण देणार?

आधी काळ्या शाईत

पहिल्यांदा लोगो दाखवताना फक्त काळा आणि पांढरा. रंग दाखवला की सगळी चर्चा रंगाची होते आणि आकाराकडे कोणी बघत नाही. शिवाय बिलबुक, शिक्का, खोक्यावरची एकरंगी छपाई यांना रंग मिळणारच नाही. स्टेट बँकेचं चिन्ह १९७१ पासून चालू आहे, शेखर कामत यांनी केलेलं. एक भरीव वर्तुळ, खाली एक खाच. काळ्यात छापा, शिक्क्यात कोरा, ते तसंच राहतं. हे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण पासबुक प्रत्येकाच्या गल्ल्यात असतं. काढून दाखवता येतं.

रंगाची वेळ आली की चादर-टॉवेलवाल्यांसमोर मी स्क्रीन बाजूला ठेवते आणि त्यांचंच सुताचं शेड कार्ड, म्हणजे रंगवलेल्या सुताच्या नमुन्यांचं कार्ड, मागवते. स्क्रीनवरचा निळा प्रत्येक मोबाईलवर वेगळा दिसतो. शेड कार्डावरचा निळा मात्र त्यांच्या डाइंगवाल्याला नंबरानं माहीत असतो. "हा चाळीस की हा बेचाळीस?" असं बोलणं सुरू झालं, की ती त्यांची भाषा असते आणि निर्णय पाच मिनिटांत होतो. छपाईसाठी त्याच रंगाचे सीएमवायके आकडे, म्हणजे छपाईच्या चार शायांचं प्रमाण, नंतर आपण जुळवायचे.

पाटीबद्दल एक इशारा. सोलापूरचं ऊन म्हणजे काय, ते मे महिन्यात सात रस्त्यावर उभं राहून कळतं. उन्हात लाल आणि पिवळी शाई सगळ्यात आधी उडते. पूर्ण लाल पाटी दोन उन्हाळ्यांनी गुलाबी दिसायला लागते. हे बैठकीत सांगा, जुन्या पाट्यांचे फोटो दाखवा. रंग बदलायचा की नाही ते मग त्यांना ठरवू द्या.

त्यांच्याच वस्तूंवर दाखवा

इंटरनेटवरून मिळणारे मॉकअप, म्हणजे लोगो बसवून दाखवायची तयार चित्रं, मी सोडून दिले. संगमरवरी टेबल, कॉफीचा मग, काळं लेटरहेड, न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतीवर चकाकणारं नाव. दिसायला झकास. पण साखर पेठेतल्या माणसाला त्यात स्वतःचं दुकान दिसत नाही. त्याला दिसते श्रीमंती, आणि मग तो म्हणतो, "जरा आणखी रिच करा की." आपणच ते शिकवलेलं असतं.

त्यापेक्षा पहिल्या भेटीत काढलेले फोटो वापरा. त्यांचंच दार, त्यांचाच टेम्पो, त्यांचाच गठ्ठा. फोटो दुपारच्या उन्हात काढलेला असावा, वायर लोंबत असली तरी ती राहू द्या. त्यावर नवा लोगो बसवला की घरातली माणसं पुढे झुकतात, हा अनुभव दरवेळचा. कोणीतरी म्हणतंच, "अरे, ती वायर काढायला सांगितली होती ना?" म्हणजे त्यांना पाटी खरी वाटली.

पण स्क्रीनवरचं चित्र हे अर्धंच काम. उरलेलं कागदावर, खऱ्या मापात.

लेबल दोन सेंटिमीटरचं असेल तर दोन सेंटिमीटरचंच छापून, कापून, त्यांच्या मालावर टाचणीनं लावून न्या. टेरी टॉवेलच्या लूपवर, म्हणजे उठलेल्या फासांवर, बारीक रेघ बुडते. ती दिसायची तर लूप नसलेल्या सपाट पट्टीवर जावं लागतं. विणलेल्या लेबलात तिरक्या आणि गोल रेषा पायऱ्यापायऱ्यांनी निघतात. युनिफॉर्मच्या खिशावर भरतकामात पाच-सहा मिलिमीटरहून लहान अक्षर बुजतं, आणि देवनागरीत मात्रा-वेलांट्या असल्यामुळे त्याहूनही मोठं लागतं. हे मी सांगत बसत नाही. कागदाचा तुकडा मालकांच्या हातात देते आणि विचारते, "अण्णा, हे निघेल का?" ते नखानं रेघ चाचपतात, कारागिराला हाक मारतात, दोघं तेलुगूत काहीतरी बोलतात, आणि मग मला सांगतात, "ही रेघ जाड करा, नाहीतर जाकार्डवर तुटंल." जाकार्ड म्हणजे नक्षी विणणारा माग. आता लोगोत त्यांचाही हात लागलाय. दुसऱ्या दिवशी पुतण्याला नको वाटलं, तर त्याला समजावणारे तेच असतात.

पाटीसाठी मी ए-फोर कागदांवर तुकडे छापून, चिकटवून, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर लावते. दुकानाच्या दारात उभं राहून वाचायला सांगते. आजोबांना वाचता आलं तर पास. हा प्रयोग फुकटचा आहे आणि कोणतंही स्लाइड शो त्याची बरोबरी करत नाही.

एका घरगुती चटणीवाल्या मावशींकडे मी लाल रंगाचा लोगो नेला होता, पारदर्शक पाऊचवर छापायचा. त्यांनी काही न बोलता पाऊचमध्ये चटणी भरली. लाल चटणीवर लाल लोगो, काहीच दिसेना. वर शेंगांचं तेल सुटून लोगो छापलेला नमुन्याचा कागदही पारदर्शक झाला. ती बैठक चार मिनिटांत संपली. तेव्हापासून मी पाऊच भरूनच नेते.

देवनागरी नंतर 'बसवायची' नसते

आपल्याकडे लोगो अजूनही इंग्रजीत केला जातो आणि मराठी त्याखाली कोणत्या तरी तयार फॉन्टमध्ये चिकटवली जाते. हे आता नुसतं कुरूप नाही, अडचणीचंही आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे पाटीवर मोठी दिसणार ती देवनागरी. मग दाखवताना पहिलं पान तिचंच का नको?

काही तांत्रिक गोष्टी बैठकीआधी तपासा. रोमन मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, रकार, त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षर लहान होतं. दोन्ही लिप्या शेजारी ठेवताना मूळ अक्षराची उंची जुळवा, एकूण उंची नको. 'श्री', 'द्ध', 'ष्ठ' अशी जोडाक्षरं आधी काढून बघा. 'सिद्धेश्वर' नाव असलेला माणूस 'द्ध' चुकलेला पाहिला की पुढचं काही ऐकत नाही. आणि शिरोरेषा तोडायची असेल तर विचार करून तोडा. दिवंगत अक्षररचनाकार कमल शेडगे यांची अक्षरं आपल्या डोळ्यांत बसली आहेत. शिरोरेषा वाकली, तुटली तरी वाचताना कुठे अडखळत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

माल कर्नाटकात जात असेल तर कन्नड, तेलंगणात जात असेल तर तेलुगू. या दोन्ही लिप्यांना शिरोरेषा नाही आणि वळणं गोलाकार आहेत, त्यामुळे शिरोरेषेवरच उभी असलेली कल्पना तिथे कोसळते. हे बैठकीत कोसळण्यापेक्षा घरी कोसळलेलं बरं. वाचून तपासायला माणूस शोधावा लागत नाही, सोलापुरात शेजारचं दार ठोठावलं की पुरे. फॉन्ट वापरला असेल तर त्याचा परवाना व्यावसायिक वापराला चालतो का ते बघा. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता आहेत. 'मुक्त' नावाचा फॉन्ट त्यातलाच एक.

बैठक

वेळ निवडताना त्यांच्या धंद्याचं कॅलेंडर बघा. युनिफॉर्मवाल्यांना एप्रिल ते जून डोकं वर काढायला वेळ नसतो. दिवाळीआधी कापडवाल्यांकडे जाऊ नका. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा अर्धं शहर सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांमागे, असतं. गल्ल्यावर बसून दाखवायला नकार द्या. दर दोन मिनिटांनी गिऱ्हाईक येतं आणि तुमचं वाक्य तुटतं. आत बसायची जागा मागा, चाळीस मिनिटं मागा. चहा आला की पिऊन घ्या आणि मग सुरू करा. चहा पिताना दाखवलेला लोगो कपाच्या डागासकट आठवणीत राहतो.

फाइल आधी पाठवू नका. मुलगा आदल्या रात्री म्हणतो, "ताई, एकदा व्हॉट्सअ‍ॅप करा, बघून ठेवतो." पाठवलं की ते घरच्या ग्रुपवर जातं, मामेभावाचं मत येतं, आणि तुम्ही पोहोचता तेव्हा निकाल लागलेला असतो.

क्रम माझा असा. प्रत्येकाच्या हातात छापील पानांचा संच, सगळ्यात वयस्कर माणसाला पहिला. पहिलं पान म्हणजे त्यांनी सही केलेलं ते एक पान. ते मी मोठ्यानं वाचते. कधीकधी इथेच कोणीतरी म्हणतं, "पण आता आम्ही टॉवेल बंद करून नॅपकिनच करणार." तसं असेल तर थांबा, कागद गुंडाळा, पान दुरुस्त करा. चुकीच्या पानावर बरोबर लोगो दाखवून काही मिळत नाही.

मग पहिला रस्ता: एक वाक्य, काळा लोगो मोठा, मग लहान, मग त्यांच्या वस्तूंवर. यादीतल्या प्रत्येक जागेवर. मग दुसरा रस्ता, त्याच क्रमानं. दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी अजिबात ठेवायचे नाहीत, अगदी शेवटी मागितले तरच.

आणि दाखवून झालं की गप्प बसायचं. मला हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शांतता झाली की आपण घाबरतो आणि "रंग बदलता येईल हं", "हा गोल काढूनही टाकता येईल" असं बडबडायला लागतो. समोरचा माणूस अजून बघतच असतो आणि आपणच आपल्या लोगोत भोकं पाडून देतो. पाण्याचा घोट घ्या. पायाची बोटं मोजा. काहीही करा, बोलू नका.

पहिला प्रश्न तुमचाच असावा, आणि तो यादीतला: "ह्यातला कोणता तुमच्या टेम्पोवर लांबून ओळखू येईल?" मग "लेबलवर?" मग "शिक्क्यात?" तिघं जण तीन जागांबद्दल बोलायला लागले की बैठक जमली.

मी कोणता निवडेन असं विचारलं तर सांगते, कारणासकट. काही डिझायनर म्हणतात सांगू नये. मला ते पटत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर त्यानं दोन गोळ्या पुढे करून "तुम्हीच ठरवा" म्हटलं तर कसं वाटेल?

ते म्हणतात ते आणि त्यामागचं

"लोगो मोठा करा" म्हणजे बहुतेक वेळा नाव नीट वाचता येत नाही. आकार वाढवण्याआधी भोवतीची मोकळी जागा वाढवून दाखवा, अक्षर जाड करून दाखवा.

"काहीतरी कमी वाटतंय." हे ऐकून लगेच फूल-पान घालू नका. विचारा, "कुठे कमी वाटतंय? पाटीवर की खोक्यावर?" जागा सांगता आली तर दुरुस्ती खरी आहे. सांगता आली नाही, तर बहुतेकदा नव्याची सवय झालेली नसते. पान भिंतीवर लावून चार दिवस राहू द्या म्हणावं.

"घरच्यांना विचारून सांगतो." म्हणजे पहिल्या भेटीतला दुसरा प्रश्न तुम्ही नीट विचारला नाही. घरच्यांना भेटायला तुम्हीच जा. निरोप्याकडून गेलेल्या लोगोचं कारण वाटेत गळून पडतं, नुसतं चित्र पोहोचतं.

"सिद्धेश्वर मंदिर टाका, नंदीध्वज टाका." सोलापूरकराचा हा मनापासूनचा आग्रह असतो आणि त्याला तोडून बोलू नये. मी मोबाईलवर त्याच रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो दाखवते. सहा दुकानं, चार मंदिरं, दोन नंदीध्वज. "ह्यात तुमचं कोणतं?" ते हसतात. तलावातलं ते मंदिर सगळ्यांचं आहे, म्हणून ओळखीसाठी एकट्याला उपयोगी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र, राष्ट्रध्वज, अशोकचक्र यांच्या व्यापारी वापराला १९५० चा बोधचिन्ह आणि नावांचा कायदा आडवा येतो, तेव्हा तिथे चर्चाच नको.

"त्या अमक्या कंपनीसारखं करा." इथे थोडा कायदा सांगावा लागतो. चादर, टॉवेल ट्रेडमार्कच्या २४ व्या वर्गात येतात, तयार कपडे २५ व्या, चटणी-मसाले ३० व्या. त्याच वर्गात सारखं दिसणारं चिन्ह असेल तर नोंदणीला हरकत येते. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. बैठकीआधी मी तो घेतेच. सोबत हेही सांगते, की 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यावर एका दुकानाची मक्तेदारी होत नाही, तेव्हा लोगोचा भार त्या शब्दावर टाकू नका. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. आणि नोंदणी होईपर्यंत गोलातला 'आर' लावायचा नाही, 'टीएम' चालतो.

मुलगा पुण्यात असेल तर

ऑनलाइन बैठकीत क्रम तोच, फक्त कागद हाती देता येत नाही. म्हणून सोलापुरातल्या माणसांना छापील संच आधी पोहोचवते, बंद पाकिटात, आणि सगळे जोडले गेल्यावर उघडायला सांगते. पोरकटपणा वाटेल, पण पाकीट फोडताना सगळे त्याच क्षणी त्याच पानावर असतात. नंतर पाठवायची फाइल पीडीएफ, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेला लोगो व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं आणि मग कडा फुटलेल्या दिसतात.

दुरुस्त्या, पैसे, फायली

निम्मे पैसे काम सुरू करताना, उरलेले अंतिम फायली देताना. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीला वेगळे पैसे. हे पहिल्या पानावरच लिहिलेलं असावं, बैठकीत तोंडी सांगू नये. बैठक संपली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते पाच ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

फायली देताना छापखान्याला आणि फ्लेक्सवाल्याला काय लागतं ते द्या. सोलापुरात बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर चालतं, म्हणून त्याची सीडीआर फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्टऐवजी नुसता आकार उरलेली), सोबत पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी. कर्व्ह करायला विसरलात तर फ्लेक्सच्या दुकानात फॉन्ट बदलतो आणि पाटीवर जोडाक्षरं फुटलेली चढतात.

कॉपीराइट लेखी हस्तांतरित करा, सही घालून. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतराचा काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. माल परदेशी जात असेल तर गिऱ्हाइकाला हे दोन शब्द महागात पडू शकतात, आणि ते सांगणारे तुम्ही असलात तर त्यांचा विश्वास वाढतो. न निवडलेले कन्सेप्ट तुमचेच राहतात, हेही त्याच कागदावर लिहा.

त्यानंतरही एक फेरी उरते, ती मी पैसे मिळाले तरी चुकवत नाही. पाच हजार लेबलांची ऑर्डर जाण्याआधी लेबलवाल्याकडून एकच नमुना विणून घ्यायचा, खऱ्या धाग्यात, खऱ्या मापात. तो घेऊन मी कारखान्यात जाते. मालक तो खिडकीकडे नेतात, उलटा करून मागचे धागे बघतात, मग सुलटा. कारागीर येतो, तोही उलटाच आधी बघतो. दोघांचं ठरलं की नमुना एका कागदावर टाचायचा, खाली तारीख आणि मालकांची सही घ्यायची, एक झेरॉक्स लेबलवाल्याला द्यायची आणि मूळ कागद आपल्या फाइलला लावायचा.